मागच्या डब्यातला अ‍ॅडमिरल

मी, मंजिरी बाबाराव वैरागडे, वय एकाहत्तर, अविवाहित, निवृत्त शिक्षिका, राहणार तात्यापारा, रायपूर, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाविना, पूर्ण शुद्धीवर लिहीत आहे. शरीर पोखरले गेले आहे, डोके शाबूत आहे. डॉक्टर "काही महिने" म्हणतात आणि नजर चुकवतात. मरणाला मी भीत नाही. माझ्यामागे दादांचे कसे होईल, या विचाराने मात्र जीव तुटतो.

दादा म्हणजे माझे थोरले बंधू, निवृत्त रिअर अ‍ॅडमिरल शेखर वैरागडे. वहिनी गेल्यावर ते माझ्याकडे राहायला आले आणि हळूहळू वहिनींचे नावसुद्धा विसरले.

हे घर वडिलांनी मृत्युपत्राने मला दिले आहे. माझ्यानंतर ते माडीवर राहणाऱ्या कौमुदी नीलकंठ ढोके हिचे व्हावे. अट एकच, दादा असेपर्यंत याच घरात राहतील आणि त्यांची खुर्ची फाटकाजवळून हलणार नाही. कौमुदी नर्स आहे. दादा तिच्या हातून मुकाट्याने गोळ्या घेतात, माझ्या हातून घेत नाहीत, याचा मला रागही येतो.

दादांचा मुलगा भार्गव याला या घराची वीटही मिळू नये. रायपूर राजधानी झाले, जागेचे भाव चढले आणि परदेशात त्याला एकदम आत्या आठवली. "आत्या, घर बेच देते हैं. पापा को किसी अच्छे होम में रख देंगे."

मी म्हटले, "बापाले ठेवाले जागा शोधून राहिला का रे पोट्ट्या? तो काय जुना सोफा आहे?"

त्याने फोन ठेवला. तरी त्याचा लहानपणीचा, जहाजावरचा फोटो त्याला पाठवावा. त्यात दादांनी त्याचा हात घट्ट धरला आहे.

आता बाबांची हिरवी झेंडी. बाबा मालगाडीचे गार्ड होते; शेवटच्या डब्यातून त्यांनी ही झेंडी दाखवल्याशिवाय गाडी हलत नसे. दादांच्या बढतीची तार आली तेव्हा ते पाराभर, म्हणजे अख्ख्या मोहल्ल्यात, पेढे वाटत सांगत सुटले, "आपला पोट्टा गार्ड झाला!" मी हसले तर माझ्यावरच उखडले. "काहून हसून राहिली? रिअर म्हणजे मागचा डबा. गार्ड नसन तं गाडी तुटली हे डायवरले कोन सांगन?"

पाऱ्यात फार थट्टा झाली. दादा सुटीवर आले तेव्हा मी तक्रार केली. ते हसले नाहीत. म्हणाले, "बाबा चुकले नाहीत, मंजू. शिडाच्या जहाजांच्या काळी ताफ्याचं शेपूट रिअर अ‍ॅडमिरलकडंच राहायचं. मागं पडलेल्याले सोडून जायचं नाही." मी जन्मभर इतिहास शिकवला, पण पुस्तकात नावे पुढच्यांचीच. मागची बाजू राखणारा मला घरातच भेटला.

सगळे विसरले तरी दादा तेवढे विसरलेले नाहीत. रोज संध्याकाळी फाटकात बसतात. "मंजू, सगळे आले का?" कौमुदी ड्युटीवरून आली की मी म्हणते, "हव दादा, आले सगळे." मगच ते आत येतात. मी इस्पितळात होते तेव्हा ते फाटकातून उठलेच नाहीत. कौमुदीने अंगावर शाल टाकली, जेवण तसेच राहिले.

म्हणून माझे मरण त्यांच्यापासून लपवू नये. "बाहेरगावी गेल्या" असे सांगाल तर ते कायमचे तिथेच बसून राहतील. मला नेताना झेंडी दादांच्या हाती द्यावी. त्यांनी ती दाखवल्याशिवाय मला उचलू नये. मग ते सगळ्यांच्या मागे चालतील, कोणी घाई करू नये. अग्नी कौमुदीने द्यावा.

त्या संध्याकाळी ते विचारतीलच. कौमुदी, तेव्हा रडू नकोस बाई. एवढेच सांग, "हव काकाजी, सगळे आले. मंजूताई तं सगळ्याइच्या आधी पोचल्या."

वरील मजकूर मी वाचून पाहिला. खाडाखोड नाही. एके ठिकाणी शाई पसरली आहे, ती माझ्या डोळ्यांमुळे, ती ग्राह्य धरावी.

सही : मंजिरी बाबाराव वैरागडे

आमच्यासमक्ष सही झाली :
१. देवीदास चिंचाळकर, तात्यापारा
२. पद्मिनी भुसारी, बूढापारा

रायपूर, छत्तीसगड
दि. ९ डिसेंबर २००६