हिरवी तार

वाशी, नवी मुंबई
रविवार, १७ नोव्हेंबर १९८५

चि. जयप्रकाश यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी मिळालं. ती. आईंच्या गुडघ्यांना उतार पडला हे वाचून बरं वाटलं. त्यांना माझा नमस्कार सांग. मी आणि स्मिता दोघंही ठीक आहोत. स्मिता चौथीत आहे, सहामाहीत गणितात पहिली आली. शेजारच्या सगुणाबाईंनी फराळाचं दिलं, त्यामुळे दिवाळी झाली असं म्हणायला हरकत नाही.

माझी तळोज्याच्या कारखान्यात सध्या पहिली पाळी आहे. पहाटे कंपनीची बस येते, स्मिताला शाळेत सगुणाबाई सोडतात. दुपारी घरी येतो, भात लावतो. कुणी विचारलं कसं काय, तर मी 'मजेत' म्हणतो आणि त्यात फारसं खोटंही नसतं. दाढेला इंजेक्शन दिल्यावर गाल आपला वाटत नाही ना, तसं चाललंय. चावलं तरी कळत नाही.

तू लिहिलंस की कराडचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान दुसऱ्याला दिलंस, सोल्डरिंग गनसुद्धा त्यालाच देऊन टाकलीस, आणि आता साखर कारखान्याच्या स्टोअरमध्ये चिठ्ठ्या लिहितोस. वैशालीच्या घरी नकार कळवलास. 'ज्या हातांनी ताईचा जीव घेतला त्यांनी कुणाच्या गळ्यात मंगळसूत्र बांधणार नाही,' हे तुझं वाक्य मी चार वेळा वाचलं. पाचव्यांदा वाचवलं नाही.

तुझे हात चांगले आहेत रे. एवढ्या वर्षांत तोंडावर कधी म्हटलं नाही, कारण म्हटलं असतं तर तू आणखी शेफारला असतास. आठवतं का, सत्त्याहत्तर साली मी पहिला ॲम्प्लिफायर बांधला आणि बटण दाबताच धूर निघाला, तेव्हा तू कॉलेजातला पोरगा असून माझ्यासमोर म्हणालास, 'दाजी, धूर तरी स्टिरिओ येतोय.' त्या दिवसापासून आपली चुरस लागली. लॅमिंग्टन रोडवरून ट्रान्झिस्टर आणायचे, ॲल्युमिनियमचे पत्रे कापायचे, आणि वर्षातून दोनदा माझ्या ॲम्प्लिफायरची पेटी आणि तुझी पेटी समोरासमोर. मी मापं घेणारा माणूस. तू ट्रान्सफॉर्मरसुद्धा घरी हाताने गुंडाळणारा. तुझी ताई म्हणायची, माहेर आणि सासर दोन्ही एकाच टेबलावर मांडलंय, कुणाची बाजू घेऊ?

म्हणून तर आपण चादर टांगायला लागलो. चादरीमागे दोन्ही पेट्या, मधे पेटी बदलायच्या बटणाची डबी, बाहेर एकच स्पीकरची जोडी. दोन्हींचा आवाज मीटरने मोजून अगदी सारखा करायचा, कारण जो किंचित मोठा वाजतो तोच कानाला गोड लागतो. परीक्षक तुझी ताईच. चारू खुर्चीत पाठ करून मेथी निवडत बसायची आणि सतारीची तीच एक रेकॉर्ड ऐकून एक बोट नाहीतर दोन बोटं वर करायची. तिला ट्रान्झिस्टरमधलं ओ की ठो कळत नव्हतं. पण तिचा कान चुकला, असं आपल्या दोघांनाही कधी म्हणता आलं नाही.

स्मिता केस विंचरून मागते आहे. थांबतो.

बुधवार, २० नोव्हेंबर

रविवारी इथवर लिहिलं आणि तीन दिवस कागद ट्रान्झिस्टरच्या डब्याखाली ठेवून दिला. केस विंचरण्याचं निमित्त होतं. सव्वा वर्ष मी निमित्तांवरच काढलंय.

जयप्रकाश, आता जे लिहितो ते शेवटपर्यंत वाच, मधेच फाडू नकोस.

गेल्या वर्षी श्रावणातला तो रविवार. दोन्ही पेट्या डबीला जोडल्या आणि स्पीकरमधून हमिंग यायला लागलं, ते बारीक घूंऽऽ. तू म्हणालास, एकेक पेटी वेगळी लावून बघू, म्हणजे कुठून येतंय ते कळेल. मग चारूने तुला दही आणायला खाली पाठवलं. मला हमिंग कुठून येतंय ते ठाऊक होतं. दोन्ही पेट्यांना भिंतीतल्या प्लगमधून अर्थिंग होतं आणि डबीच्या तारांनी त्या एकमेकींनाही जोडलेल्या होत्या. वाटा दोन झाल्या की घूं येणारच. एका पेटीचं अर्थिंग काढलं की थांबतं. नीट उपाय वेगळा आहे, पण त्याला वेळ लागतो, आणि तू परत यायच्या आत मला ते गप्प करून दाखवायचं होतं.

मी तुझ्या पेटीचा प्लग उघडला आणि अर्थिंगची हिरवी तार काढून आत दुमडून ठेवली. माझ्या पेटीची का नाही? माझ्या पेटीला हात लावायचा नव्हता म्हणून. एवढंच कारण आहे. ह्याहून मोठं कारण मी पुष्कळ शोधलं, सापडलं नाही.

तू दही घेऊन आलास आणि म्हणालास, 'दाजी, घूं गेला की.' मी म्हणालो, तारा सैल होत्या, घट्ट बसवल्या. मग चारूने बोट वर केलं. पाच वेळांपैकी पाचही वेळा तुझी पेटी. तू लाजून हसलास आणि पेटी ताईला देऊन संध्याकाळच्या एस.टी.ने गेलास. मी माझी पेटी कपाटावर टाकली, डबी काढली, चादर घडी केली. मला फार राग आला होता, हे तुला सांगितलं पाहिजे. हरल्याचा राग. त्या रागात तो प्लग तसाच राहिला.

डबी जोडलेली होती तोवर तुझी पेटी माझ्या पेटीच्या अर्थिंगवर होती. डबी काढल्यावर तिला कुठलंच अर्थिंग उरलं नाही. हे तुला समजावण्याची गरज नाही, तरी लिहितो, म्हणजे माझ्या हाताने लिहिलेलं राहील.

मंगळवारी सकाळी तिने त्याच पेटीवर रेडिओ लावला होता. फरशी पुसून झाली होती. ओल्या फडक्याने ती पेटीचा पत्रा पुसायला गेली. मी दाढी करत होतो.

तुझ्या ट्रान्सफॉर्मरमध्ये दोष होता हे खरं आहे. कागदाचा एक थर कमी पडला होता, दोन दिवस वाजून तापल्यावर तिथून विजेची गळती पत्र्यावर यायला लागली. ते मी नाकारत नाही, कारण खोटी सूट दिली तर तू पुढचंही खरं मानणार नाहीस. पण अर्थिंग जागेवर असतं तर फ्यूज उडाला असता. घरात अंधार झाला असता, चारू माझ्या नावाने ओरडली असती, आणि तू पुढच्या खेपेला येऊन ट्रान्सफॉर्मर नव्याने गुंडाळला असतास. बस्स.

ह्याच्यापुढचं जास्त वाईट आहे.

दवाखान्यातून तिला घरी आणलं. तू आणि आई कराडहून निघालेले होतात. बायका बाहेरच्या खोलीत तिच्याजवळ बसल्या होत्या. दुसऱ्या दिवशी विजेचा साहेब तपासायला येणार असं कुणीतरी म्हणालं. मी आत गेलो, दार लोटलं, आणि ती हिरवी तार पुन्हा जोडून स्क्रू आवळला. बायको बाहेर जमिनीवर होती आणि मी स्क्रू आडवा बसत नाहीये ना ते बघत होतो.

रात्री तू आल्यावर पेटी उघडलीस. प्लग उघडलास. तार जागेवर होती. तू मला विचारलंस, 'दाजी, अर्थिंग होतं ना?'

मी म्हणालो, 'होतं.'

अर्थिंग असूनही लागला म्हणजे गळती केवढी असेल, असं तू स्वतःला समजावलंस. फ्यूज का उडाला नाही, हे एरवी तू पहिल्या मिनिटाला विचारलं असतंस. त्या दिवशी तुला सुचलं नाही, आणि मी ते तुला सुचू दिलं नाही. त्यानंतर तू दुकान बंद केलंस, आई तुझ्याशी महिनाभर बोलल्या नाहीत, तू वैशालीला नाही म्हटलंस. प्रत्येक पत्र वाचून मी घडी घालून ठेवत गेलो. मला वाटायचं, मला काहीच कसं वाटत नाही? आता वाटतं की काही वाटलं असतं तर सांगावं लागलं असतं.

हे पत्र सुरू केलं तेव्हाही सांगायचं ठरलं नव्हतं. तुझी समजूत काढायची, दुकान पुन्हा उघड म्हणायचं, एवढाच बेत होता. पण काल दुपारी स्मिता शाळेतून आली आणि भातावर वरण घेताना तिने विचारलं, 'पप्पा, मामाच्या पेटीमुळे आई गेली ना? जिन्यात सगळे म्हणतात.' तू तिला कडेवर घेऊन ह्याच घरात स्पीकरसमोर नाचवलेलं आहेस.

मी तिला सांगितलं. नऊ वर्षांच्या मुलीला जेवढं कळेल तेवढं, पण खरं. तार मी काढली, जोडायला विसरलो, आणि मग खोटं बोललो. ती रडली नाही. ताटातला भात तसाच ठेवून उठली, हात धुऊन आली, आणि दारात उभी राहून म्हणाली, 'मामाला माहितीये का?'

मी नाही म्हणालो. कालपासून ती माझ्याशी बोललेली नाही. आता हे लिहितोय तर समोर बसून बघते आहे, पाकीट कधी चिकटवतोय ते.

आईंना हे पत्र वाचून दाखव. वैशालीच्या वडिलांनाही दाखव. मला उत्तर लिहायची गरज नाही. स्मिताला मात्र लिही.

तुझ्या ताईचा नवरा,
श्यामसुंदर