कोल्ह्याची पाळी

पळसदरी, रविवार दुपार

प्रिय समू,

दिवाळीत तू फराळाचा डबा तसाच टेबलावर ठेवून गेलीस, तेव्हापासून आपलं बोलणं आईमार्फत चाललंय. ती आता कंटाळली आहे. परवा मला म्हणाली, "खोपोलीच्या शाळेत पोरांना वाद घालाय शिकवलंत, आन् सोताच्या पोरीशी बोलाय येत नाय तुमाला." म्हणून हे पत्र. फोनवर मी चिडतो, कागदावर जरा कमी.

भांडणाचं कारण दोघांनाही पाठ आहे. पनवेलची चालू वकिली सोडून तू वाडीवरच्या शाळेत शिकवायला जाणार, आणि मी म्हणालो, एवढं शिकून शेवटी मास्तरीणच होणार का? तू चपला घातल्यास आणि निघालीस. चालत स्टेशनपर्यंत गेलीस हे मला नंतर टेंपोवाल्या लडकूने सांगितलं. स्वभाव माझ्यावर गेलाय, दुसरं काय!

काल कपाट आवरायला घेतलं. आवरणं झालं नाहीच, वाचतच बसलो. कोर्टातल्या खटल्यांचं ते जाडजूड, पुठ्ठा गेलेलं पुस्तक सापडलं. रद्दीवाल्याकडून आणलेलं. सुरुवातीची कितीतरी वर्षं माझी वादविवादाची सगळी शिकवणी त्या एका पुस्तकावर चालली. समोरच्याला कोंडीत पकडायचं, त्याची बोलती बंद करायची, स्पर्धेची ढाल घेऊन यायचं. पोरं जिंकायची आणि मी मिशीला पीळ द्यायचो. आणि त्याच्याच खाली तुझं गोष्टींचं पुस्तक होतं, ज्यात कोंबडी चोरणाऱ्या कोल्ह्याला सगळं गाव हाकलून लावतं. आठवतं का गं? तू दुसरीत असशील. माझा वर्ग संपेपर्यंत शेवटच्या बाकावर ते वाचत बसायचीस. एकदा भर वर्गात उठून विचारलंस, "बाबा, कोल्ह्याला कुणी विचारलंच नाही?" सगळी पोरं हसली. मी मात्र घरी येऊन ती गोष्ट पुन्हा वाचली, आणि खरंच, कुणी विचारलं नव्हतं.

तिथून माझं शिकवणं बदललं. आपली बाजू मांडण्याआधी समोरच्याची बाजू मांडायची, आणि त्याची मान हलेपर्यंत मांडत राहायची. पोरांनी त्याला 'कोल्ह्याची पाळी' नाव दिलं. नंतर आम्ही ढाली कमी आणल्या, पण हरलेली पोरंही एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून परत यायची. मला त्या दिवसांची फार आठवण येते.

आता खरी बातमी. गुरुवारी मी तुझ्या वाडीवर जाऊन आलो. न बघता बोलायचं नाही, हा माझाच नियम, आणि तुझ्या बाबतीत तोच मी धाब्यावर बसवला होता. मी कोण ते सांगितलं नाही, रिटायर शिक्षक आहे, शाळा बघायला आलोय, एवढंच. वर्गात वाद रंगला होता. जवळच्या धरणावर येणाऱ्या पाहुण्यांसाठी वाडीने चहाच्या टपऱ्या टाकाव्यात की नाही? मला कुठलं गप्प बसवतंय! मी म्हटलं, टाकू नयेत, आणि कारणंही दिली. तेवढ्यात सोमी नावाची एक किडकिडीत मुलगी उठली. मला वाटलं, आता ही माझ्यावर तुटून पडणार. तर ती म्हणाली, "थांबा, आदी कोल्हा बोलंल." आणि माझ्याकडे वळून, "तुमी म्हनता पावनं कचरा टाकतील, आन् आमची पोरं शाळा सोडून कपबशा धुतील. आमची काळजी वाटते तुमाला. असंच ना, बाबा? मग मान हालवा की."

मी मान हलवली, समू. डोळे भरून आले म्हणून खिडकीकडे बघत राहिलो. हे कुणी शिकवलं विचारलं, तर म्हणाली, "समीक्षाताईनी. दर रविवारी येतात त्या." हे रविवार तू मला कधी सांगितले नाहीस. मी सांगू दिलं असतं का, हाही प्रश्नच आहे.

तर आता माझी पाळी. तुझी बाजू मांडतो, चुकलं तर खोड. तुला वकिली जमत नाही म्हणून तू सोडत नाहीस. कोर्टात लोकांच्या वतीने तू बोलतेस. त्या पोरांनी स्वतःचं स्वतः बोलावं, असं तुला वाटतं. आणि ते रविवारपुरतं करून होत नाही. असंच ना? यानंतर माझी बाजू लिहायला बसलो, तर तेच एक वाक्य हाताशी आलं, शेवटी मास्तरीणच होणार का. आणि लक्षात आलं, ते मी तुला म्हणालो खरं, पण कमी लेखलं ते माझ्याच आयुष्याला. तू त्याला कमी समजत नाहीस म्हणून तर तिकडे चालली आहेस. माझ्याकडे दुसरा मुद्दा नाही. तुझ्या शाळेसाठी पुस्तकं खोक्यात भरली आहेत, कोल्हा सगळ्यात वर ठेवलाय. लडकूचा टेंपो सांगितलाय, पण आधी तू घरी ये. फोनवर मान हललेली मला दिसणार नाही.

तुझाच,
बाबा