रंगाऱ्याने न सांगितलेला निळा

मी, या कागदाच्या तळाशी सही करणारी, गाड्यांच्या सीटा शिवून पोट भरलेली बाई, जिला सगळे सीटवाली ताई म्हणतात, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवत आहे. हृदय अलीकडे कुरकुर करू लागले आहे, म्हणून ही घाई. शुद्धीत असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला. ते दातांचे डॉक्टर आहेत, पण जमिनीला टेकेल इतकी खाली बसवलेली लाल गाडी घेऊन ते दरवर्षी आमच्या गाड्यांच्या मेळाव्याला येतात, त्यामुळे डोके ठिकाणावर नसलेली माणसे त्यांना लांबूनही ओळखता येतात.

कलम एक. वरच्या दोन खोल्या आणि खालचे दुकान माझ्या मुलीला द्यावे. शिलाई मशीनही तिलाच. मशीन जाड रेक्झिनवर अडते तेव्हा मशीनला शिव्या देऊ नयेत, सुई बदलावी. मोठे दाभण शेजारच्या बॅगा शिवणाऱ्याला द्यावे. त्याने ते उसने नेले त्याला जमाना झाला, आता निदान कायद्याने तरी त्याचे होईल.

कलम दोन. माझ्या धाकट्या दिरांनी आमच्या मेळाव्याला जन्मभर ‘भंगाराचे प्रदर्शन’ म्हटले आणि जन्मभर कुंपणाबाहेर उभे राहून तो शेवटपर्यंत पाहिला. त्यांना माझी घडीची खुर्ची द्यावी. ती कुंपणाच्या आत मांडावी.

कलम तीन, मेळाव्याविषयी. हा मेळावा मी आणि माझे यजमान, जे फिटर होते, अशा दोघांनी सुरू केला. कोणीही आपल्या हाताने बदललेली गाडी आणावी, बक्षीस नाही. नियम एकच, आणि तो माझा: बॉनेट उघडे ठेवायचे, आणि विचारले तर सांगायचे. मी मुळातच भोचक. बंद वस्तू दिसली की माझे हात शिवशिवतात. या नियमामुळे मला काय काय कळले! पाववाल्याने व्हॅनचे छप्पर कापले, तेव्हा पाऊस आला तर काय करतोस, असे मी विचारले. ‘भिजतो’ म्हणाला. शाळेच्या बाईंनी मागचे सीट काढून तिथे पुस्तकांची कपाटे बसवली, आणि वळणावर पुस्तके का पडत नाहीत तेही दाखवले. यजमान म्हणत, हिला मेळावा नको, चौकशीची खिडकी हवी.

कलम चार, रंगाऱ्याविषयी. एका वर्षी तो निळी गाडी घेऊन आला. सावलीत काळपट, उन्हात आणली की आतून हिरवी झाक. असा निळा मी ना आधी पाहिला ना नंतर. कसा मिसळलास, असे विचारले तर त्याने बॉनेट खाली केले आणि म्हणाला, “ते राहू द्या, ताई.” मी चारचौघांत म्हटले, नियम म्हणजे नियम, सांगायचे नसेल तर मैदान मोकळे कर. तो गेला, आणि निम्म्या गाड्या त्याच्यामागे गेल्या. तेव्हापासून एकाच दिवशी दोन मेळावे भरतात, एक आमच्या मैदानावर, एक त्याच्या. डॉक्टर सकाळी इथे, दुपारी तिथे, दोन्ही डगरींवर हात ठेवून असतात. यजमान जाईपर्यंत एकच म्हणत राहिले, हे पुन्हा एक झालेले पाहायचे होते. मलाही तेच पाहायचे आहे, आणि वेळ कमी आहे.

म्हणून यजमानांची गाडी रंगाऱ्याला द्यावी. अट अशी की त्याने ती त्याच निळ्याने रंगवावी, आणि माझ्या मुलीसमोर प्रत्येक जिन्नस मोठ्याने सांगून मिसळावा. त्यानंतर मेळावा एकच भरावा. सांगायला नकार दिल्यास गाडी मुलीची.

इथवर लिहून सहीची वेळ आली, आणि साक्षीदार एक कमी पडला. बॅगवाला आलाच नाही. डॉक्टर दवाखान्यात जाऊन खुर्चीतला पेशंटच घेऊन आले. गालाला रुमाल धरलेला रंगारी. डॉक्टर म्हणाले की साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही, वडिलांच्या मृत्युपत्रावर त्यांनीच साक्षीदार म्हणून सही केली, ती त्यांना फार महागात पडली होती. मी रंगाऱ्याला कलम चार वाचून दाखवले आणि म्हटले, गाडी घे नाहीतर सही कर.

त्याने मशीनच्या चाकावरून बोट फिरवले.

“गाडी घेतली तर मिसळताना सांगावं लागेल,” तो म्हणाला. “काय सांगू, ताई? मलाच माहीत नाही.”

मग खरी गोष्ट बाहेर आली. फेकायचे म्हणून त्याने आपल्या दुकानातले रंगांचे उरलेसुरले डबे एका बादलीत ओतले होते, काठीने सहज ढवळले आणि हा निळा झाला. पुन्हा कधी जमला नाही. उरलेला रंग एका डब्यात आहे, गाडीला ओरखडा पडला की तेवढ्यापुरता बारीक ब्रशने लावतो. तेव्हाच का बोलला नाहीस, असे मी विचारले.

“सगळे बघत होते. रंगारी म्हणून उभा होतो मी तिथे.”

मला हसू येईल असे वाटले होते. फार वाईट वाटले. आणि लगेच डोक्यात सुरू झाले: डबे कोणते होते? भिंतीचा रंगही होता का त्यात? तो म्हणाला, हेच तो रोज स्वतःला विचारतो. मग आम्ही तिघेही तर्क लढवत बसलो आणि चहा गार झाला. डॉक्टरांना वाटते त्यात रंगाच्या आधी पत्र्यावर मारतात ते राखाडी अस्तर असणार. मला नाही पटत.

सबब कलम चार रद्द. गाडी मुलीची. कलम तीनमधला नियम यापुढे असा वाचावा: विचारले तर सांगायचे, माहीत नसेल तर माहीत नाही म्हणायचे, आणि तसे म्हणणाऱ्याला कोणी हसायचे नाही. मेळावा एकच, रंगाऱ्याच्या मैदानावर. तिथे ऊन जास्त येते.

सही: सीटवाली ताई
ठिकाण: माझे दुकान, मशीनशेजारी
तारीख: मेळाव्याच्या आधीचा रविवार

साक्षीदार: दातांचे डॉक्टर. ताई शुद्धीत आहेत. राखाडी अस्तरच आहे.

साक्षीदार: रंगारी. या कागदातून मला काही मिळत नाही, हे मला माहीत आहे.