खाऱ्या टाकीतील सुधारणांबाबत

आदरणीय व्याहीसाहेबांच्या सेवेशी,

वयाने मी आपल्यापेक्षा दोन वर्षे व चार महिने वडील असलो, तरी आपण माझ्या सुनेचे जन्मदाते आहात हे ध्यानी घेऊन पहिला नमस्कार मीच करीत आहे. तो स्वीकारावा व परतीचा सवडीने करावा. आपल्या उजव्या डोळ्याचे मोतीबिंदूचे काम व्यवस्थित पार पडल्याचे कळले. आता आपणांस सर्व काही स्वच्छ दिसू लागले असेल, व आपल्या बैठकीतील खाऱ्या पाण्याच्या टाकीकडेही आपले लक्ष गेले असेल, अशी आशा करतो. सौ. विहीणबाईंच्या कंबरदुखीस उतार पडला असावा. इकडे माझी प्रकृती ठणठणीत आहे. आमच्या घरची मंडळी (म्हणजे एकटी पत्नीच, परंतु तिचे बोलणे जमेस धरता ती मंडळीच होय) खुशाल आहेत. या पत्रास विशेष असे काहीच कारण नाही. बरेच दिवसांत लिहिणे झाले नव्हते, एवढेच.

चिरंजीवांस कचेरीने महिनाभराकरिता परगावी धाडले, सूनबाई व नात त्यांच्यासोबत गेल्या, आणि नातीची दोनशे लिटरची टाकी माझ्या स्वाधीन झाली, हे आपण जाणताच. निघण्याच्या दिवशी आपण आमच्या येथे हजर होता. ‘टाकी त्या आजोबांकडे ठेवू का? त्यांना माहितीये सगळं,’ असे नात आपल्याविषयी म्हणाली, त्यावर मी जे बोललो ते आपल्या स्मरणात असेल. ज्या माणसाने फिल्टर हाऊसमध्ये चौतीस वर्षे अख्ख्या शहराचे पाणी गाळले, त्यास तीन माशांचे पाणी गाळता येणार नाही काय, असे मी विचारले. एवढ्यावर थांबलो असतो तर बरे झाले असते. पुढे मी असेही म्हणालो की त्या आजोबांच्या टाकीत मासे आहेत की नुसता गाळ, हे पाहण्यास आधी बॅटरी लागते. आपण हसलात. ‘थोडी घाण राहू द्या हो टाकीत, मासे खूश असतात,’ असे आपण म्हणालात, आणि मी सूनबाईंदेखत आपल्याकडे जसे पाहिले तसे पाहावयास नको होते. (मोतीबिंदूमुळे आपणांस ते दिसले नसेल, असे पत्नीचे म्हणणे आहे. मला तशी खात्री नाही.)

नातीने कपाटाच्या दाराच्या आतून अकरा कलमांचा कागद चिकटवला. अन्न किती, दिवा कधी लावावा, पाणी आटल्यास काय करावे, सर्व नीट लिहिले होते. मुलीचे अक्षर चांगले आहे, ते आमच्याकडून आले आहे. तिसरे कलम होते, ‘स्पंजला हात लावायचा नाही’, व त्याखाली तीन रेघा. हे कलम तिने माझ्या वयाकडे पाहून, आजोबांस वाकण्याचे कष्ट नकोत म्हणून घातले असणार, असा मी अर्थ लावला व मला तिचे कौतुक वाटले. मग तिने काचेवर बोट ठेवून माशांचा निरोप घेतला. दोन निळे बारके आहेत, पण तिचा जीव तिसऱ्यावर. नारिंगी अंगावर पांढरे पट्टे. दिवसभर एका कोपऱ्यात ये-जा करून बाकीच्यांवर डाफरत असतो, म्हणून तिने त्याचे नाव मुकादम ठेवले आहे. ‘मी येईपर्यंत मुकादमाला काही होणार नाही ना?’ असे तिने मला विचारले, आणि मी शब्द दिला. मी फारसे शब्द देत नाही, व दिलेला आजवर मोडलेला नाही.

आता टाकीची स्थिती ऐकावी. खालच्या कपाटात एक लहान टाकी आहे. वरचे पाणी तीत उतरते, स्पंजातून व मग भाजलेल्या मातीच्या पोकळ मण्यांतून जाते, एका नळकांड्यात त्याचा मळ फेसाबरोबर वर चढून बाहेर पडतो (यास स्किमर म्हणतात, कल्पना चांगली आहे, आमच्या खात्यास सुचली नाही), आणि पंप ते पाणी पुन्हा वर चढवतो. योजनेत मला दोष दिसला नाही. पण राखणी! स्पंज तपकिरी, मणी बुळबुळीत, दगडांवर लव. माझ्या पाळीत फिल्टर हाऊसची अशी अवस्था कुणी केली असती, तर मी त्याचे नाव वर कळवले असते. पंधरा दिवस मी कागदाचा मान राखला. सोळाव्या दिवशी बाह्या दुमडल्या.

‘तिने हात लावू नका म्हणून लिहिलंय ना?’ पत्नी म्हणाली.

‘ते लहान मुलीचं लिहिणं आहे.’

‘मग मोठ्या माणसाचं वागणं कधी सुरू करताय?’

मी टप शोधावयास गेलो. मासे त्यांच्याच पाण्यासह दोन टपांत काढले. स्पंज नळाखाली तासभर पिळला, मग उकळला, आणि पाणी किंचित पिवळट दिसले म्हणून पुन्हा उकळला. मणी उकळले. दगड तारेच्या ब्रशाने घासून दिवसभर गच्चीत उन्हात मांडले. पत्नीने वर येऊन ते पाहिले व ‘माशांना इस्त्री करायची राहिलीय, तेवढी उरकून घ्या,’ एवढेच बोलून खाली गेली.

नुसत्या सफाईवर समाधान मानण्याचा माझा स्वभाव नाही. आमच्याकडील पद्धतीने मी एका पिंपात गोटे, जाड वाळू, बारीक वाळू व कोळसा असे थर रचून खास गाळणी तयार केली, आणि जुना पंप अशक्त वाटल्याने दुप्पट ताकदीचा आणला. येथे एक बारीकसा हिशेब राहून गेला. नवा पंप पाणी वर जितक्या जोमाने चढवीत होता, तितक्या जोमाने ते खाली उतरावयास वाट नव्हती. मी दुपारची वामकुक्षी घेऊन बैठकीत आलो तो सतरंजी तरंगण्याच्या बेतात होती व पत्नी खुर्चीवर उभी राहून मला हाका मारीत होती. एवढ्यात खालच्या मजल्यावरील वकीलबाई उघडी छत्री घेऊनच वर आल्या. ‘काका, तुमचा समुद्र माझ्या फायलींवर पडतोय!’ त्यांना मी पंपाची क्षमता समजावून सांगितली. त्यांनी ती पूर्ण ऐकून घेतली नाही. पुढे मी त्या पंपाचा वेग अर्ध्यावर आणला, म्हणजे तो नेमका जुन्या पंपाइतका झाला, आणि सर्व सुरळीत चालू लागले.

आणि व्याहीसाहेब, काय ते पाणी! टाकीपलीकडे धरलेले वर्तमानपत्र अलीकडून वाचता येत होते, छोट्या जाहिरातीदेखील. समोरच्या दारचे निवृत्त पोस्टमास्तर मुद्दाम येऊन पाहून गेले व ‘मासे हवेत उडताहेत असं वाटतं,’ म्हणाले. त्या चार दिवसांत मला आपली आठवण वारंवार झाली. आपणांस एकदा बोलावून हे दाखवावे असे मनात होते. न बोलावल्याचा आता विषाद वाटत नाही.

पाचव्या दिवशी पाणी ताकासारखे पांढरट झाले. मी गाळणी पुन्हा धुतली. सहाव्या दिवशी दोन्ही निळे दगडाआड जाऊन बसले, आणि मुकादम आपला कोपरा सोडून पाण्याच्या अगदी वर आला व तोंडाची उघडझाप करू लागला. अन्न टाकले तर पाहीना. डाफरणे तर नाहीच. मी काचेवर टिचकी मारली. पूर्वी तो अशा वेळी अंगावर धावून येत असे; त्या दिवशी त्याने मजकडे नुसते पाहिले. फिल्टर हाऊसमध्ये माझ्यासमोर साहेब लोक उभे राहत, पण माझी नजर कधी खाली गेली नाही. ती त्या दिवशी गेली.

बरणीत पाणी भरून मी माशांच्या दुकानी गेलो. पत्नीही आली (बोलावले नव्हते). दुकान चालवणारी बाई चाळिशीची, चष्मा कपाळावर, हात कोपरापर्यंत ओले. तिने बाटलीत पाणी घेऊन त्यात थेंब टाकले. रंग पिवळा राहावयास हवा होता. तो हिरवा झाला, मग आणखी हिरवा.

‘स्पंज कशात धुतलात?’

‘नळाच्या पाण्यात. नंतर उकळला. दोनदा.’ (हे मी कौतुकाच्या अपेक्षेने सांगितले.)

‘मणी?’

‘उकळले.’

‘दगड?’

‘घासून उन्हात.’

‘म्हणजे एकालासुद्धा सोडलं नाहीत.’

‘मासे तिन्ही जिवंत आहेत, बाई.’

‘माशांचं नाही विचारत हो, काका. जंतूंचं!’

व्याहीसाहेब, चौतीस वर्षांत जंतू जिवंत राहिल्याबद्दल मजकडे दोनदा खुलासा मागितला गेला (दोन्ही वेळा चूक दुसऱ्या पाळीची निघाली). जंतू मेल्याबद्दल जाब विचारला जाण्याचा हा पहिलाच प्रसंग. बाईंनी समजावले ते असे: माशांची विष्ठा व उरलेले अन्न यांचे पाण्यात विष होते, स्पंजावर, मण्यांवर, दगडांवर राहणारे जंतू ते विष खाऊन पचवतात, आणि ती तपकिरी बुळबुळ म्हणजेच त्यांची वस्ती. थोडक्यात, ज्यास मी घाण समजलो तो टाकीचा चाकरवर्ग होता, आणि मी रात्रपाळी-दिवसपाळी सगळी एकाच दुपारी उकळून काढली. पाणी दिसावयास स्वच्छ होते. पण त्यात काम करणारे कुणी उरले नव्हते.

जंतू बाटलीत विकतही मिळतात, हे ऐकून मी खाली बसलो. ज्यांस मारण्याचे मला आयुष्यभर वेतन मिळाले, त्यांस मी पैसे मोजून घरी आणले. बाटलीवरील मुदत टळून आठ महिने झाले होते, हे ती ओतून झाल्यावर पत्नीने वाचले. दुसऱ्या दिवशी दुकानात पुन्हा थेंब टाकले, पाणी हिरवेच निघाले. बाईंनी कबूल केले की नवी वस्ती आपोआप बसावयास तीन-चार आठवडे लागतील, व मुकादम तेवढे काढील असे त्या म्हणत नाहीत. तोवर अन्न चिमूटभर, आणि रोज पाचवा हिस्सा पाणी बदलून त्यांनी दिलेल्या मिठाचे नवे पाणी घालणे. हे मी बादलीने करतो. जिन्यावर गुडघा दुखतो, पण तो भाग निराळा. ‘आणि ओळखीत कुणाची जुनी, चालू खारी टाकी असेल,’ त्या म्हणाल्या, ‘तर तिथला न धुतलेला स्पंज घेऊन या. जितका घाणेरडा तितका चांगला. चार दिवसांत फरक पडेल.’

‘अहो, आपल्या व्याह्यांची...’ पत्नीने तोंड उघडले. मी तिला समोरच्या कपाटातील शिंपले पाहावयास सांगितले, व ओळखीत असे कुणी नाही असे बाईंस कळवले. का कळवले, याचे उत्तर मी दोन दिवस शोधीत आहे.

नात आईवडिलांसह येत्या रविवारी परत येत आहे. काल तिचा फोन आला. ‘मुकादम काय करतोय?’ तिने विचारले. ‘वर आला आहे,’ मी म्हणालो. ‘मला शोधतोय वाटतं!’ असे म्हणून ती हसली. मी खोटे काही बोललो नाही. तरी फोन ठेवल्यावर मला जेवण गेले नाही.

असो. एकंदरीत टाकीचे काम समाधानकारक चालू आहे. डोळ्यात थेंब वेळेवर घालावेत. विहीणबाईंस आमच्या दोघांचा नमस्कार सांगावा.

आपला,
नातीचे इकडचे आजोबा

ता. क. – पत्र घेऊन येणारा टॅक्सीवाला विश्वासू आहे. त्याच्याजवळ झाकणाची बादली आहे. तीत आपल्या टाकीतील स्पंज, व दोन-चार मूठ मणी देता आल्यास, टाकीच्याच पाण्यात बुडवून द्यावेत. धुऊ नयेत. विहीणबाईंस हे स्वतंत्रपणे सांगावे; मुलीच्या सासरी वस्तू जायची म्हणून त्या आजवर एक डबादेखील घासल्यावाचून धाडीत नाहीत, आणि त्यांच्या या गुणाची मला प्रथमच धास्ती वाटत आहे.

दुसरा ता. क. – फोन केला नाही, कारण फोनवर आपण हसलात तर ते मला ऐकू आले असते. पत्र वाचून हसाल ते आपल्या घरी राहील. पोटभर हसावे. त्यास माझी हरकत नाही.

तिसरा ता. क. – आपल्या टाकीविषयी मी जे बोललो ते सूनबाईंदेखत बोललो, तेव्हा मागेही त्यांच्यादेखतच घेईन. रविवारी जेवावयास यावे.

चौथा ता. क. – पत्नीने हे वाचून विचारले की रविवारपर्यंत का थांबता. तिचे म्हणणे बरोबर आहे. शक्य असल्यास बादलीसोबत आपणच यावे. स्पंज कोठे ठेवावा, पाणी किती सोडावे, हे मला ठाऊक नाही. आपण सांगाल तेवढेच करीन. न सांगता पाण्यात हात घालणार नाही. टॅक्सीवाल्याने खालून दोनदा हॉर्न वाजवला. हे पत्र लिहिण्यात माझी सबंध सकाळ गेली, आणि मुकादम अजून वरच आहे. आपण उत्तर लिहीत बसू नये. चष्मा घ्यावा व निघावे.