सुमन या नावाची वाटणी

मी, खाली सही करणार, सुमन भ्र. कृष्णराज जमदाडे, माहेरचं नाव येडाबाई पि. धोंडीबा बारकुल, वय बहात्तर, धंदा खानावळ, राहणार नळदुर्ग, ता. तुळजापूर, जि. धाराशिव, हे मृत्युपत्र स्वतःच्या हातानं लिहीत आहे. डॉक्टरांनी तपासून बुद्धी शाबूत असल्याचा दाखला दिला आहे, तो सोबत जोडला आहे. मला दिसतं, ऐकू येतं, आणि कुणावर राग आहे तेही आठवतं. कुणाचा दाब नाही, कुणी पढवलेलं नाही. वकीलसाहेबांनी दीड पानाचा मसुदा करून दिला होता. त्यात घर, जागा, दागिने सगळं होतं. परंतु जिच्यावरून मी सेहेचाळीस वर्षं जळत आले, त्या एका गोष्टीचा उल्लेख नव्हता. ती गोष्ट म्हणजे माझं नाव. म्हणून तो मसुदा बाजूला ठेवून हे लिहिते.

कलम १. नळदुर्गातलं तीन खोल्यांचं राहतं घर माझ्या पश्चात माझा मुलगा मल्हार यास मिळावं. त्यानं पुढच्या खोलीतला वडिलांचा फोटो हलवू नये.

कलम २. हमरस्त्यालगतची दोन गुंठे जागा व तीवरील 'सुमन खानावळ' माझी मुलगी हर्षाली हिला द्यावी. नवऱ्याशी पटेना म्हणून ती परत आली तेव्हा लोकांनी तोंडं वाकडी केली. गेली नऊ वर्षं पहाटेची कणीक तीच मळते. मल्हारनं यात हक्क सांगू नये. सांगितल्यास त्यानं आधी महिनाभर भट्टीपुढं उभं राहून दाखवावं.

कलम ३. स्वयंपाकीण रुद्रम्मा, कर्नाटकातल्या आळंदकडची, अठ्ठावीस वर्षं माझ्याबरोबर आहे. मागची खोली ती जिवंत असेपर्यंत तिची. मोठी पातेली आणि पाटा-वरवंटाही तिचाच.

कलम ४. बोरमाळ नात आरोही हिला.

कलम ५. नणंद कमलबाई हिला एक इरकल लुगडं द्यावं, हिरवं, न नेसलेलं. दुसरं काही देऊ नये. लुगडं का आणि दुसरं का नाही, ते पुढं येतंच.

कलम ६. आता नाव.

माझ्या आईची चार मुलं गेली, तेव्हा तिनं येरमाळ्याच्या येडेश्वरीला नवस केला. मी जगले म्हणून येडाबाई. आमच्या गावात त्या नावाला कुणी हसत नव्हतं, घरटी एक येडाबाई होती. पण १९७१ साली लग्न ठरलं तसं सासरची पोरं "येडी आली, येडी" म्हणायला लागली. लग्नात गुरुजींनी ताटात तांदूळ पसरले आणि नवरीचं नाव लिहा म्हणून मालकांच्या हातात अंगठी दिली. त्यांनी जराही न थांबता लिहिलं, सुमन. मला काय आनंद झाला! माझ्यासाठी एवढं सुंदर नाव यांनी आधीच शोधून ठेवलं होतं, असं मी आठ वर्षं समजत होते.

१९७९ साली खानावळ सुरू केली. बोर्ड रंगवायला पेंटर आला, तर मालक दिवसभर शिडीपाशी उभे. 'सु'चा उकार त्यांनी तीनदा पुसायला लावला. संध्याकाळी कमलबाई माझ्याशेजारी येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "वहिनी, दादानं बोर्डावर कुणाचं नाव लावलंय, ठावं हाय का तुला?"

मग तिनं सगळं सांगितलं. सांगताना तिला लई गोड लागत होतं. मालकांच्या गावी पिराजी ओव्हाळ म्हणून एक बौद्ध गृहस्थ होते. त्यांची मुलगी सुमन मालकांच्या वर्गात होती, तुळजापूरच्या हायस्कुलात. मालकांना तिच्याशी लग्न करायचं होतं. घरात ते बोलले, त्या दिवशी सासऱ्यांनी त्यांना काठीनं मारलं आणि चार महिन्यांत माझ्याशी लग्न लावून दिलं. ती पुढं शिक्षिका झाली. राजपाल बनसोडे नावाच्या शिक्षकाशी तिचं लग्न झालं. कमलबाईनं खरं सांगितलं म्हणून लुगडं. गोड मानून सांगितलं म्हणून दुसरं काही नाही.

मी मालकांना विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी खोटं सांगितलं नसतं, याचीच भीती होती.

त्यानंतर मी या नावाच्या मागं लागले. ज्याला भाषा येते त्याला अर्थ विचारायचा. तुळजापूरचे एक जाणते पुजारी म्हणाले, संस्कृतात सुमन म्हणजे फूल, आणि ज्याचं मन चांगलं तोही सुमन. रुद्रम्मा कामाला आली तेव्हा बोर्ड वाचून म्हणाली, "सुमा अंद्रे हूवु," म्हणजे कानडीतही फूलच. हैदराबादहून ट्रक घेऊन येणारे चाँद पाशा म्हणून एक वयस्क ड्रायव्हर होते. ते म्हणाले, "अम्मा, फारसी में समन बोले तो चमेली." एवढ्या मुलखांत या नावाचं एवढं कौतुक, आणि प्रत्येक वेळी मला वाटायचं, हे कौतुक तिचं चाललंय. मी नुसती तिच्या नावाखाली भाकऱ्या थापतेय. मालकांनी मला कधी नावानं हाक मारली नाही. "अगं" म्हणायचे, नाहीतर "मल्हारची आई". आमच्याकडं तशीच रीत आहे हे मला कळत होतं, तरी मी त्याचा अर्थ माझ्या परीनं लावत होते.

कलम ७. माझ्या हातून झालेला गुन्हा.

१९८८च्या डिसेंबरात किल्ला बघायला शाळेची सहल आली. चाळीस मुलं आणि एक बाई. मालक सोलापूरला गेले होते. बाईंनी मुलांना ओळीनं बसवलं. मी वाढता वाढता सहज विचारलं, कुठली शाळा, आपलं नाव काय. "सुमन बनसोडे," त्या म्हणाल्या. उंच, गव्हाळ, घड्याळ बांधलेला हात. माझ्यापेक्षा फार देखणी नव्हती, हे मी नीट बघून घेतलं.

माझ्या खानावळीत कधी कुणाला जात विचारली नव्हती. ट्रक घेऊन येणारा जो तो त्याच ताटात जेवत होता. त्या दिवशी मात्र मी मागं गेले, राखेच्या डब्याशी पडलेला कान तुटलेला कप शोधला, त्यात चहा ओतला आणि त्यांच्यापुढं नेऊन ठेवला. बाकी सगळ्यांना स्टीलचे पेले. त्यांनी कपाकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"तुमचं नाव?" त्यांनी विचारलं.

"सुमन," मी म्हणाले.

त्यांना सगळं कळलं असावं. त्यांनी चहा जमिनीवर ओतला, कप उपडा ठेवला, मुलांना उठवलं आणि गेल्या. दुसऱ्या दिवशी मालकांना कुणीतरी सांगितलं. ते माझ्याशी आठ दिवस बोलले नाहीत. मला लाज वाटायला हवी होती. मला वाटलं ते एवढंच, की तिच्यासाठी आठ दिवस!

कलम ८. मालक २०२२ साली वारले. सोलापूरच्या दवाखान्यात तीन दिवस ते बोलले नव्हते. चौथ्या दिवशी दुपारी डोळे उघडले, दाराकडं पाहिलं आणि स्पष्ट म्हणाले, "सुमन." मी दाराकडं नव्हते, उशाशी होते. दिवस मावळायच्या आत ते गेले. मल्हार म्हणाला, आई, तुलाच हाक मारली. हर्षालीही म्हणाली. सगळं गाव म्हणालं, भाग्याची बाई, शेवटचं नाव तुझं निघालं. मी मान हलवत राहिले.

वर्षभर तेच पोखरत होतं. शेवटी पत्ता काढला आणि एस. टी.नं धाराशिवला गेले. बनसोडे गुरुजींनी दार उघडलं. बाईंनी मला पस्तीस वर्षांनी ओळखलं. चहा आला, तिघांना सारख्याच कपांत. मी तो शेवटच्या घोटापर्यंत प्याले आणि त्या कपाबद्दल माफी मागितली.

"ते मी विसरले नाही," बाई म्हणाल्या. "बसा."

माफ केलं असं त्या म्हणाल्या नाहीत. मीही पुन्हा मागितली नाही.

मग मी त्यांना त्यांच्या नावाचं विचारलं. त्यांनी सांगितलं, की त्यांचं पाळण्यातलं नाव कचरी होतं. पिराजींच्या घरात कचरी, दगडी, उकिरडा अशीच नावं चालत आलेली; चांगलं नाव ठेवलं तर गावाला खपत नसे. १९५६ला त्यांनी दीक्षा घेतली आणि घरी येऊन पाचही मुलांची नावं बदलली. एका भंतेजींनी त्यांना सुमन नावाच्या माळ्याची गोष्ट सांगितली होती. राजासाठी नेत असलेली जाईची फुलं त्यानं वाटेत बुद्धाला वाहिली, आणि राजा काय करील याची पर्वा केली नाही. पालीतही सुमन म्हणजे जाई, आणि आनंदी मनाचा माणूस. पिराजींना फुलापेक्षा ती हिंमत आवडली होती.

हे ऐकून मी आणखीच जळले. त्यांच्या नावामागं बाप होता, धम्म होता, अख्खी गोष्ट होती. माझ्यामागं नुसते ताटभर तांदूळ.

शेवटी जे विचारायला गेले होते ते विचारलं. मालक तुम्हाला काय म्हणून हाक मारायचे? गुरुजी उठून आत गेले. बाईंनी कप गोळा केले.

"ओव्हाळ," त्या म्हणाल्या. "वर्गात सगळे आडनावानंच बोलायचे. कृष्णराजनं मला सुमन म्हणून एकदाही हाक मारली नाही. तेव्हा ती हाक तुम्हालाच होती."

परतीच्या गाडीत मी रडले. पण तुळजापूर यायच्या आत मनात आलं, हे खरं होतं, की या बाईनं माझ्यावर दया केली? आणि केली असेल तर तिला एवढं मोठं मन आलं कुठून, जे मला सत्तर वर्षांत जमलं नाही?

कलम ९. सबब नावाची व्यवस्था अशी. खानावळीचा बोर्ड आहे तसा राहावा. माझ्या दहाव्याच्या पत्रिकेवर आणि चौकातल्या फ्लेक्सवर सुमन हेच नाव मोठ्या अक्षरात घालावं. नाव कुणाचंही असो, चौपन्न वर्षं ते मी वापरलं आहे, धुरात आणि पिठात. ते कुणाला परत मिळणार नाही. येडाबाई हे नाव देवीचं आहे, ज्या मुलीला हवं तिनं घ्यावं. घरात कुणाचंही नाव नवऱ्यानं तांदळात लिहू नये. तिला आधी विचारावं.

कलम १०. मालकांच्या पेटीत दहावीच्या वर्गाचा फोटो आहे. तो मीच पूर्वी असा दुमडला होता, की बाई मागच्या बाजूला जाव्यात. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देता येत नाही असं वकीलसाहेब म्हणाले, म्हणून तो बाई आज आल्या की हातोहात देणार आहे.

कारण साक्षीदार म्हणून मी त्यांनाच बोलावलं आहे. मोठेपणानं नव्हे. मी हे नाव लिहिताना त्यांनी समोर बसून बघावं, एवढ्यासाठी.

सही करण्यापूर्वी जोडलेला मजकूर: बाई अकराच्या गाडीनं आल्या. त्यांनी चष्मा लावून सगळी पानं वाचली, सात ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ सुधारलं. त्यातलं एक कपाच्या कलमात. आठवं कलम दोनदा वाचलं. मी विचारलं, "खरं लिहिलंय का म्या?"

"मी जसं बोलले तसं तुम्ही लिहिलंय," त्या म्हणाल्या. "एवढ्यावर मी सही करते."

मी पुढं विचारलं नाही. आता त्यांच्यासमोर हे नाव लिहिते आणि मग पेन त्यांच्याकडं देते.

ठिकाण: नळदुर्ग
दिनांक: १७ ऑक्टोबर २०२५

लिहून ठेवणार: सुमन भ्र. कृष्णराज जमदाडे

आम्हां दोघांसमक्ष सही केली:
१. गुरुलिंग शिवप्पा हत्तुरे, किराणा दुकानदार, नळदुर्ग
२. सुमन राजपाल बनसोडे, निवृत्त शिक्षिका, धाराशिव