चरबीत गुंडाळलेलं औषध

आई, त्या दिवशी तू वाडीतून चिकू उतरवून आली होतीस. चिखले गावातल्या आपल्या स्वयंपाकघरात बसून, चिकाने चिकट झालेल्या तळव्यांवर खोबरेल चोळता चोळता तू विचारलंस, “तू तिथे मुंबईत करतेस तरी काय?” मी म्हटलं, तू आत्ता करतेयस तसंच काहीतरी. पाण्याने न जाणारा चीक तेलाने सुटतो ना, तसे आम्ही तेला-चरबीच्या जातीचे रेणू बनवतो. कॅन्सरच्या पेशी ते अधाशासारखे ओढून घेतात. त्यांना चमकणारा रंग जोडला की गाठ दिसते, औषध जोडलं की मरते. “खरंच मरते?” “उंदरांमधली.” तू हसलीस. तुझ्या पोटातली गाठ तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हती.

२०१६मध्ये ती सापडली तोवर पसरली होती. पहिली औषधं हरली, तेव्हा डॉक्टरांनी लाल रंगाचं सलाईन लावलं, चरबीच्या सूक्ष्म वेष्टनात भरलेलं. “हे तुझंच ना गं?” तू विचारतेस. “माझं नाही, पण त्याच जातीचं.” तेवढ्यावर तू निर्धास्त होतेस, शेजारच्या खाटेवरच्या बाईला कौतुकाने सांगतेस, “माझ्या लेकीच्या लाइनीतलं औषध आहे.” मग तुझे तळवे लाल होतात, सोलायला लागतात. या औषधाने असं होतं, हे मी वाचलेलं होतं. मुंबईच्या इस्पितळातून गावी परतताना वाटेत चारोटीला चहाला थांबलो, तर तुला गरम ग्लास धरवेना. मी चहा बशीत ओतून तुझ्या ओठांना लावला. “तुझं ते नवीन दे ना मला,” तू म्हणालीस. “ते अजून माणसांना देत नाहीत, आई.” “उंदरांना देता नि मला नाही?” बाबा हायवेवरच्या ट्रककडे बघत राहिले.  

तू गेलीस. पुढच्या चाचण्यांत आमचा रेणू गाठीपेक्षा उंदरांच्या यकृतातच जास्त साठताना दिसला आणि ते काम बंद झालं. मी आता दुसऱ्यांचे नमुने तपासते. बाबा फोनवर दर वेळी विचारतात, “तुझं औषध कुठवर आलं?” मी म्हणते, “चाललंय.” ते म्हणतात, “बरं.” गावात कुणाला कॅन्सर निघाला की त्यांच्या घरी जाऊन सांगतात, धीर धरा, माझी मुलगी औषध बनवतेय.

हे पत्र कुठेच पाठवायचं नाही म्हणून एवढं लिहिता येतंय. काहीच चाललेलं नाही, आई. बाबांचं ते ‘बरं’ ऐकल्याशिवाय मला फोन ठेववत नाही, एवढंच.