मामाची मांडी

पोखर्णी, २ सप्टेंबर १९८४

चि. भुजंग यास बन्सीधरचे अनेक आशीर्वाद.

तुझे कार्ड पोहोचले. ‘जावळाला येणे जमणार नाही’ एवढ्यावर विषय संपत नाही. कारण लिहावे लागते. आपल्याकडे बाळाचे पहिले केस मामाच्या मांडीवरच उतरतात आणि नर्मदेला तू एकुलता भाऊ आहेस. विहीणबाई केवळाबाईंनी तर, मामा भाड्याने आणायचा काय, असा टोमणा मारला.

मागच्या खेपेस तुझ्या बशीतला चहा सांडला, उंबऱ्यात अडखळलास. त्या वेळी बोललो नाही, आता विचारतो. तू दारू पितोस काय? स्पष्ट लिही.

रागावलो असलो तरी लोभ आटलेला नाही, हे जाणून उत्तर धाड.

बन्सीधर

सेलू, ६ सप्टेंबर

ती. बाबांस भुजंगचा सा. न. वि. वि.

दारूला मी शिवलेलो नाही. गोदामात कपाशीच्या फवारणीचे औषध पिंपांतून बाटल्यांत भरतो, हे आपणास ठाऊक आहे. वास जात नाही म्हणून आम्ही सारे रॉकेलने हात धुतो. उन्हाळ्यापासून बोटांना मुंग्या येतात, हात कापतो. परवा बाजारात पायातली चप्पल निसटली. सोबतच्या सटवाजीने हाक मारली तेव्हा कळले. म्हणाला, “नवाबावानी चालायलास, अन् चप्पल मागंच ऱ्हायली की.” सगळे हसले, मीही हसलो. मुकादम म्हणतात, ताक पी. पितो.

वस्तऱ्याखाली बाळ धरायचे आणि हात हलला तर? ताईला दुसरे काही कारण सांगावे. हंगाम संपला की काम सोडेन.

माया असू द्यावी.

आपला भुजंग

पोखर्णी, ११ सप्टेंबर

चि. भुजंगास आशीर्वाद.

तुझे पत्र घेऊन परभणीला डॉक्टरांकडे गेलो. ते औषध कातडीतून अंगात उतरून मज्जातंतूंवर घाला घालते, रॉकेलने त्याला वाट अधिकच मोकळी होते आणि ताकाचा काही उपयोग नाही, असे ते म्हणाले. तपासल्यावाचून किती भरून येईल हे सांगवत नाही. मात्र हेच काम चालू राहिले तर चालणेही जाईल. मी हंगामाविषयी विचारले, तेव्हा ते म्हणाले, एक दिवसही नको.

तेव्हा काम आजच सोड. दारूचा प्रश्न मी मागे घेतला आहे. नर्मदेला खरे तेच सांगितले. ती रडली, मग म्हणाली, “जावळ थांबंल, पण दुसऱ्याच्या मांडीवर न्हाई उतरायचं.” तू देवळाच्या भिंतीला टेकून बस, बाळाचे डोके मी धरीन. माझे हात अजून स्थिर आहेत. गोदामातले कपडे आणू नकोस. माझे धोतर धुऊन ठेवले आहे.

वाट पाहणारा,
बन्सीधर

सेलू, १४ सप्टेंबर

ती. बाबांस सा. न.

गोदामाची किल्ली मालकांना परत दिली. आपण कळविलेले सटवाजीलाही सांगितले. या वेळी तो हसला नाही. रविवारी सकाळच्या गाडीने परभणी, तेथून बसने येतो.

फाट्यावर कोणी येऊ नये, असे लिहिणार होतो. पण बाबा, आपण या.

आपला भुजंग